ट्रम्पेटनंतर ट्यूबा: दमसासाच्या आक्षेपाला उत्तर

नमस्कार. पन्नाशीनंतर ट्रम्पेटवाल्यांनी ट्यूबाही (खर्जातलं मोठं पितळी फुंकवाद्य) शिकावा, त्याची बोटं ट्रम्पेटचीच असतात, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुमचे तीन आक्षेप आहेत: या वयात तेवढा दमसास उरत नाही, ट्यूबामुळे ट्रम्पेटचा ओठ बिघडतो, आणि ‘बोटं तीच’ हे माझं वाक्य दिशाभूल करतं. तिसरा आक्षेप मला मान्य आहे, म्हणून सुरुवात तिथूनच.

ट्यूबा बी-फ्लॅट असो वा ई-फ्लॅट (ही त्याच्या मूळ स्वराची नावं), बोटं तीच राहतात ती फक्त पार्ट, म्हणजे वाजवायची लिहिलेली ओळ, ब्रास बँडच्या पद्धतीने ट्रेबल क्लेफमध्ये (उंच स्वरांच्या, ट्रम्पेटच्या लिपीत) असेल तर. मिलिटरी बँडचा किंवा ऑर्केस्ट्राचा पार्ट बास क्लेफमध्ये (खर्जाच्या लिपीत) असतो आणि स्वर वाजतात तसेच लिहिलेले असतात. तिथे बोटं नव्याने बसवावी लागतात. ई-फ्लॅट ट्यूबा असेल तर एक सोय आहे: बास क्लेफ हा ट्रेबलच आहे असं समजून वाचायचं आणि मनात सुरुवातीच्या खुणांतले तीन फ्लॅट (कोमल) कमी करायचे किंवा तीन शार्प (तीव्र) वाढवायचे. तीन फ्लॅटची पट्टी सरळ सी मेजरसारखी वाचता येते. फक्त मध्येच आलेल्या शार्प-फ्लॅटकडे लक्ष ठेवावं लागतं.

शिवाय बोटं तीच असली तरी सूर तोच लागेल असं नाही. पहिला आणि तिसरा पिस्टन (बोटाने दाबायची कळ) एकत्र दाबला की नळी हवी त्यापेक्षा आखूड पडते आणि सूर सुमारे ३० सेंट चढतो (१०० सेंट म्हणजे एक सेमीटोन, शेजारच्या दोन स्वरांतलं अंतर). ट्रम्पेटवर ही तूट तीनेक सेंटिमीटरची; तिसऱ्या पिस्टनची स्लाइड (सरकती नळी) दीडेक सेंटिमीटर सरकवली की नळी दोन्ही बाजूंनी वाढते आणि काम भागतं. बी-फ्लॅट ट्यूबाची नळी साधारण साडेपाच मीटरची, त्यामुळे तिथे हीच तूट १२-१३ सेंटिमीटरची होते. तिन्ही पिस्टन दाबले तर सूर ५० सेंटच्या वर चढतो, म्हणजे अर्ध्या सेमीटोनचा फरक. म्हणून शक्यतो चार पिस्टनचा ट्यूबा घ्यावा: १-३ च्या जागी ४, आणि १-२-३ च्या जागी २-४.

आता दमसास. ट्रम्पेटला दाब जास्त लागतो आणि हवा कमी. ट्यूबाचं उलट आहे. वयाबरोबर फुफ्फुसांची क्षमता घटते, हे तुमचं म्हणणं खरं. पण शिकागो सिम्फनीत १९४४ ते १९८८ ट्यूबा वाजवणारे आर्नल्ड जेकब्स यांची क्षमताही कमीच होती. ते हवा साठवून धरत नसत, वारंवार पूर्ण भरून घेत. बेसची ओळ याला सोयीची असते: पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर ठोका, मध्ये विश्रांती. लांब स्वर असेल तर दोन ट्यूबावाल्यांनी आळीपाळीने श्वास घ्यावा. नवख्याला गरगरतं ते मात्र हवा कमी पडल्याने नव्हे. जोरजोरात फुंकल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, त्याने गरगरतं. अशा वेळी वाद्य खाली ठेवून मिनिटभर साधा श्वास घ्यावा. हर्निया, वाढलेला रक्तदाब किंवा काचबिंदू असेल तर आधी डॉक्टरांना विचारावं. आणि मिरवणुकीत सूझाफोन (अंगाभोवती घ्यायचा ट्यूबा) खांद्यावर घेऊन लक्ष्मी रस्ता पार करायचा सल्ला मी या वयात कुणालाच देणार नाही; बसून, स्टँडवर वाजवावं.

ओठाबद्दल तुमचं अर्धं बरोबर. बाख कंपनीच्या ७सी ट्रम्पेट माउथपीसचा (ओठाला लावायच्या तुकड्याचा) आतला व्यास १६.२ मिमी, तर ट्यूबाच्या २४एडब्ल्यूचा ३१.२५ मिमी. ट्रम्पेटच्या सवयीने ओठ ताणून माउथपीस दाबला की खर्ज लागतच नाही, सूर वरच्या हार्मॉनिकवर (त्याच बोटांनी लागणाऱ्या वरच्या स्वरावर) उडी मारतो. दातांत अंतर ठेवावं, जबडा खाली सोडावा, ओठांचे कोपरे तेवढे घट्ट धरावेत आणि ‘ती’ऐवजी ‘तो’ म्हणावं. पहिले चार आठवडे रोज १५ मिनिटं पुरेत: मधल्या बी-फ्लॅटपासून एकेक स्वर खाली, हळू आवाजात. बराच वेळ खर्ज वाजवला की ओठ सैल पडतो आणि ट्रम्पेटचे वरचे स्वर काही काळ लागत नाहीत. म्हणून आधी ट्रम्पेट, मग १५ मिनिटं विश्रांती, मग ट्यूबा. अनंत चतुर्दशीला ट्रम्पेट वाजवायचा असेल तर दोन दिवस आधीपासून ट्यूबा बंद. या क्रमाने ओठ बिघडत नाही.

जुना ट्यूबा घेताना प्रत्येक पिस्टनची स्लाइड तपासा: पिस्टन न दाबता ती थोडी ओढा, मग पिस्टन दाबा. ‘पॉप’ आवाज आला नाही तर पिस्टन झिजलेला आहे किंवा कुठेतरी गळती आहे. बेलवरच्या (वाद्याच्या रुंद तोंडावरच्या) पोच्याने फारसं बिघडत नाही. माउथपीसजवळच्या अरुंद नळीतला पोचा मात्र टाळा. माउथपीस नळीत डुगडुगत असेल तर त्याचा शँक (नळीत बसणारं टोक) वेगळ्या मापाचा आहे, आणि माउथपीस बदलल्याशिवाय सूर जुळणार नाही. पुण्यातल्या जानेवारीच्या सकाळी सूर उतरलेला वाटला तर स्लाइडला लगेच हात लावू नका. नळीतली हवा एक अंश गार झाली की सूर सुमारे ३ सेंट उतरतो. दहा मिनिटं फुंकून वाद्य तापवा, मगच सूर मिळवा.

तुमच्या पाहण्यातला ट्यूबा बी-फ्लॅट की ई-फ्लॅट, आणि पिस्टन तीन की चार, एवढं कळवा. त्याप्रमाणे बोटांचा तक्ता इथेच देतो.