संदर्भसूची तयार करणाऱ्या ऑनलाइन साधनांबाबत खुलासा

ऑनलाइन साधनात लेखाचा डीओआय (लेखाला दिलेला कायमस्वरूपी ओळखक्रमांक) टाकला की तयार होणारी नोंद अचूकच असते, ती तपासावी लागत नाही, असा संदेश सध्या विद्यार्थ्यांच्या ग्रुपांवर फिरतो आहे. हे खरे नाही. झोटेरोबिबसारखे साधन लेख वाचत नाही. प्रकाशकाने क्रॉसरेफ या डीओआय नोंदणी संस्थेकडे नोंदवलेली माहिती उचलून ते निवडलेल्या शैलीत मांडते, त्यामुळे मुळात चुकीचे भरलेले वर्ष किंवा सगळे कॅपिटल अक्षरांत भरलेले शीर्षक तसेच्या तसे संदर्भसूचीत उतरू शकते. संस्थेचे नाव व्यक्तीचे समजले गेले, तर जागतिक आरोग्य संघटना ‘ऑर्गनायझेशन, डब्ल्यू. एच.’ अशी छापली जाते. लेखाचे पहिले पान शेजारी ठेवले की असा घोटाळा लगेच दिसतो. शैलीची आवृत्तीही पाहावी लागते, कारण एपीएने (अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशन, जिची संदर्भशैली प्रचलित आहे) २०१९ च्या सातव्या आवृत्तीत पुस्तकाच्या नोंदीतून प्रकाशनस्थळ वगळले आहे. साधन जरूर वापरावे. स्वल्पविराम आणि तिरप्या अक्षरांचे किचकट काम ते खरोखर वाचवते. मात्र लेखक, वर्ष, शीर्षक आणि पृष्ठक्रमांक मूळ लेखाशी ताडून पाहावेत आणि ग्रुपांवरचा तो चुकीचा संदेश कृपया पुढे पाठवू नये.