गोराई, खोपोली आणि दाराची चौकट

उन्हाळ्याच्या सुट्टीत सहकुटुंब वॉटर पार्कला जायचे, एवढे आमच्या घरात गुढीपाडव्याच्या दिवशी श्रीखंड खाताना एकमताने ठरले. एकमत तिथेच संपले. आम्हा डोंबिवलीकरांच्या डोळ्यांसमोर लगेच येणारे पर्याय दोन : गोराईचे, १९९८ सालापासून चालू असलेले वॉटर किंगडम आणि खोपोलीजवळचे, त्यामानाने बरेच तरुण असे इमॅजिकाचे वॉटर पार्क. लाटांचा तलाव दोन्हीकडे आहे, नागमोडी घसरगुंड्या दोन्हीकडे आहेत आणि तिकीटही दोन्हीकडे माणशी हजाराच्या घरात आहे. तेव्हा नकाशा पसरावा आणि सोयीचे ते निवडावे, इतका हा प्रश्न साधा आहे अशी माझी समजूत होती. नकाशात नातेवाईक दाखवलेले नसतात, हे माझ्या लक्षात आले नाही.

माझी धाकटी बहीण बोरिवलीला राहते आणि मेहुणी चिंचवडला. गोराईला जायचे म्हणजे आदल्या रात्री बहिणीकडे मुक्काम आणि सकाळी तिच्या कुटुंबासह जेट्टी गाठणे ओघानेच आले. खोपोली पडते मुंबई-पुण्याच्या मधल्या वाटेवर, त्यामुळे तिथे मेहुणी आणि साडू मुलांसह येणार हे न सांगताच गृहीत. मी चहा पिता पिता सहज म्हणून "गोराई" हा शब्द उच्चारला, तेव्हा सौभाग्यवती शांतपणे म्हणाल्या, "बहिणीकडे जायचे असेल तर सरळ तसे सांगा, त्यासाठी पाण्याचे निमित्त कशाला?" संध्याकाळी बहिणीचा फोन आला. तिला कुठून कळले कोण जाणे, पण आवाजात कमालीचा गोडवा होता : "दादा, तुम्ही खोपोलीलाच जा हो. आपण काय, भाऊबीजेला भेटूच." या वाक्यानंतर खोपोलीचे नाव काढण्याची माझी छाती झाली नाही.

मग मी निव्वळ प्रवासाच्या निकषावर निर्णय घ्यायचे ठरवले. खोपोलीची लोकल डोंबिवलीहून थेट मिळते, पण तिच्या फेऱ्या इतक्या मोजक्या आहेत की एक चुकली तर कर्जतच्या फलाटावर वडापाव खात पुढच्या गाडीची आराधना करावी लागते. बोरिवलीसाठी दादरला पूल चढून पश्चिम रेल्वेच्या गर्दीत शिरायचे, नाहीतर घोडबंदर रोडने जायचे, ज्याविषयी सभ्य भाषेत लिहिणे अवघड आहे. त्यानंतर खाडी आणि बोट. बोट म्हटल्यावर आईने कालनिर्णय खाली काढले. ती मूळची मालवणकडची, त्यामुळे अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात ती पाण्यावर पाय ठेवणार नाही, अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते, तेव्हाच काय ते जाऊ, असा तिचा निवाडा पडला. दहा मिनिटांच्या खाडीसाठी एवढी तयारी गलबतवाल्यांनीही केली नसेल. साडूंच्या कारखान्याला सुट्टी गुरुवारची, माझ्या कार्यालयाला रविवारची आणि आईला हवी अष्टमी. हे तिन्ही एकाच दिवशी यायला पंचांगकर्त्यांनाच भेटावे लागले असते.

पोशाखाच्या नियमाने नवे वादळ उठले. सुती कपड्याचे धागे सुटून पाण्याच्या गाळणीत अडकतात, म्हणून पाण्यात उतरायला नायलॉनचेच कपडे लागतात, हे मी आईला समजावून सांगितले. आयुष्यभर सुती नऊवारी नेसलेल्या आईने ते ऐकून घेतले आणि आपण काठावर बसून पिशव्या सांभाळू असे जाहीर केले. पण काठावर बसणाऱ्यालाही तिकीट लागते, हे कळल्यावर तिने माझ्याकडे पाहिले ती नजर मी विसरू शकत नाही. बाहेरचे खाद्यपदार्थ आत नेता येत नाहीत, हेही मी त्याच दमात सांगून टाकले. "दशम्या बाहेरच्या कुठे आहेत? घरच्याच आहेत की," असे ती म्हणाली, आणि या युक्तिवादातली चूक मला अजून सापडलेली नाही.

खरी मेख चिरंजीवांच्या उंचीची होती. अशा ठिकाणी मुलांचे तिकीट वयावर नसते, उंचीवर असते. गेल्या वर्षी एका ठिकाणी (नाव कशाला घ्या) फाटकावरच्या पट्टीने त्यांना मोठे ठरवून पूर्ण पैसे घेतले आणि आत सर्वांत उंच घसरगुंडीच्या पायथ्याशी असलेल्या पट्टीने लहान ठरवून परत पाठवले. शंभर पावलांच्या अंतरात मुलगा दीड इंच आखडला होता. यंदा गाफील राहायचे नाही म्हणून मी स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीवर सवलतीच्या तिकिटाची मर्यादा लाल पेन्सिलीने आखली आणि पाडव्याला त्यांना तिथे अनवाणी उभे केले. टाळू रेघेच्या बोटभर खाली होती. सौभाग्यवतींनी त्यांना फाटकावर गुडघे किंचित वाकवून आणि घसरगुंडीपाशी ताठ उभे राहण्याचे शिक्षणही दिले.

त्यानंतर एप्रिल गेला, मे गेला. गोराई म्हटले की घरात अबोला आणि खोपोली म्हटले की बोरिवलीहून गोड फोन, असे चालले होते. सोसायटीत पाणीकपात सुरू झाल्यावर दीड बादलीत अंघोळ उरकता उरकता मी लाटांच्या तलावाचा विचार करीत असे.

जूनच्या पहिल्या रविवारी मी निर्वाणीचा निर्णय घ्यायला बसलो आणि खर्चाचा अंदाज नक्की करावा म्हणून चिरंजीवांना पुन्हा चौकटीपाशी उभे केले. ते सांगून ठेवल्याप्रमाणे गुडघे वाकवून उभे राहिले, तरी लाल रेघ त्यांच्या केसांमागे कुठेतरी नाहीशी झाली होती.

"म्हणजे आता दोन्हीकडे पूर्ण तिकीट," सौभाग्यवती म्हणाल्या.

इतक्यात मोरीतून आईने हाक मारली, की पाणी आले आहे, अर्धाच तास राहील, सगळ्यांनी बादल्या घेऊन या.