पाचारण आणि अर्धे तिकीट

गेल्या शनिवारी एका गृहस्थांनी मला स्वतःचे आधार कार्ड दाखवले आणि माझ्या पुस्तकाची एक प्रत फुकट नेली. आठवडा होत आला, तरी ते कार्ड माझ्या डोळ्यांपुढून हलायला तयार नाही. त्यावर जन्मवर्ष १९४७ असे छापलेले होते, आणि त्या वर्षाचा माझ्या पुस्तकाच्या किमतीशी काय संबंध आहे, हे त्यांनी मला इतक्या शांतपणे समजावून सांगितले की, क्षणभर मलाच माझी चूक झाल्यासारखे वाटले.

प्रसंग होता ख्रिस्ती लेखकांच्या प्रोत्साहन मेळाव्याचा. कोल्हापुरातल्या एका चर्चच्या सभागृहात दिवसभराचा कार्यक्रम, प्रवेशशुल्क दीडशे रुपये आणि त्यातच तांबड्या-पांढऱ्यासह जेवण, असे पत्रकावर लिहिले होते. मी एकतीस वर्षे हायस्कुलात मराठी शिकवले आणि निवृत्तीनंतर भविष्यनिर्वाह निधीतले बेचाळीस हजार रुपये घालून ललित लेखांचे एक पुस्तक काढले. पाचशे प्रतींपैकी तीनशे नव्वद अजून आमच्या दिवाणाच्या पोटात आहेत. संयोजकांनी उदार मनाने मला विक्रीसाठी एक टेबल दिले होते, ते पाण्याचा जार आणि चपलांचा ढीग यांच्या मधोमध होते, त्यामुळे माझ्याकडे वळणारा प्रत्येक माणूस एक तर तहानलेला असे किंवा घरी निघालेला.

पुण्याहून आलेल्या वक्त्यांनी सुरुवातच ‘‘उठा आणि स्वप्ने पाहा’’ अशा परस्परविरोधी आज्ञेने केली. त्यानंतरच्या पाऊण तासात त्यांनी ‘पाचारण’ हा शब्द किती वेळा उच्चारला, याची मी वहीत रेघा मारून नोंद ठेवली होती. पंचविसानंतर पान संपले. आपल्या ख्रिस्ती मराठीत हा शब्द फार वजनदार आहे. देव ज्याला एखाद्या कामासाठी हाक मारून बोलावून घेतो, त्याला पाचारण झाले असे आपण म्हणतो. वर्तमानपत्री मराठीत मात्र पाचारण नेहमी अग्निशमन दलाला होते, नाहीतर सर्पमित्राला. मला लेखनाचे पाचारण झाले, असे मी एकदा स्टाफरूममध्ये बोलून गेलो, तेव्हा विज्ञानाच्या शिक्षकांनी ‘‘का, कुठे आग लागली?’’ असे विचारले होते.

वक्त्यांनी मग लक्ष्मीबाई टिळकांचा दाखला दिला. लग्नानंतर अक्षरे गिरवलेल्या या बाईंनी १९१९ मध्ये पती, कवी ना. वा. टिळक गेल्यावर त्यांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य पूर्ण केले आणि पुढे ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र लिहिले, मग तुम्हाला काय झाले आहे, असा त्यांचा सवाल होता. हे उदाहरण ऐकून हुरूप येण्याऐवजी मला दर वेळी खाली मान घालावीशी वाटते. शिवाय ते आमच्या घरातही आता चालत नाही, कारण ‘‘तुमचं अपुरं राहिलेलं मी पुरं करणार नाही, आधीच सांगून ठेवते,’’ असे आमच्या सौभाग्यवतींनी पूर्वीच जाहीर केले आहे.

माझ्या शेजारच्या खुर्चीवर वर उल्लेखिलेले गृहस्थ बसले होते. पांढरा सदरा, डोक्यावर टोपी, हातात रिकाम्या डब्याची पिशवी. त्यांनी लेखक नसल्याचे आरंभीच कबूल केले होते. एस.टी.मध्ये वाहतूक नियंत्रक म्हणून त्यांनी तीस वर्षे काढली होती, आणि त्यातली बहुतेक कोल्हापूरच्या मध्यवर्ती बसस्थानकावर, माईकसमोर.

‘‘पाचारण पाचारण म्हणत्यात ते, त्ये तर मी तीस वर्षं केलं की वो मास्तर,’’ ते माझ्या कानाशी म्हणाले. ‘‘गारगोटी, राधानगरी, गगनबावडा. सकाळी साडेपाचापास्नं.’’

मी नम्रपणे म्हणालो की, हे पाचारण जरा वेगळे आहे, काका.

‘‘येगळं कसं? हाक ती हाक. पण आमचा एक नियम हुता. गाडी फलाटाला लागल्याबिगर नाव घ्यायचं न्हाई. एकदा एका नव्या पोरानं गाडी यायच्या आदीच गारगोटी पुकारली. पब्लिक पोती-पिशव्या घिऊन फलाटावर, आन् गाडी डेपोत पंक्चर. त्या पोराला मागच्या दारानं काढावं लागलं.’’ एवढे बोलून त्यांनी व्यासपीठाकडे हनुवटी केली. ‘‘ह्यांची गाडी लागलीया का?’’

या प्रश्नाला मी उत्तर दिले नाही, कारण मला ते माहीत होते. प्रत्येकाने लिहिलेच पाहिजे, तुमच्या आत एक पुस्तक दडलेले आहे, ते बाहेर येऊ द्या, असे वक्ते सांगत होते. बाहेर आल्यानंतर ते दिवाणात जाते, हे सांगायला ते विसरले होते. कोण छापणार, कोणत्या दुकानात ठेवणार, कोण विकत घेणार, यांतला एकही फलाट क्रमांक त्या पाऊण तासात पुकारला गेला नाही.

तेवढ्यात वक्त्यांनी बायबलमधल्या हबक्कूक संदेष्ट्याचे वचन वाचले. दर्शन लिहून ठेव, पाट्यांवर ते असे स्पष्ट लिही की धावणाऱ्यालाही वाचता यावे, अशा अर्थाचे ते वचन आहे. काकांनी माझ्या गुडघ्यावर जोरात थाप मारली.

‘‘हे आमचं! हे गाडीच्या पाटीबद्दल हाय. माणूस पळत येतोय, गाडी सुटायच्या बेतात हाय, त्येला लांबनं वाचाय यायला पायजे. ‘कोल्हापूर-रत्नागिरी, मार्गे मलकापूर’. बास. तुमच्या पुस्तकाची पाटी काय?’’

मी प्रत पुढे केली. पुस्तकाचे नाव ‘निःशब्दाच्या काठावरील निनाद’ असे आहे. ते ठेवण्यासाठी मी तीन महिने विचार केला होता. काकांनी चष्मा वर-खाली केला, ते नाव एकदा मनात आणि एकदा मोठ्याने वाचले, आणि अत्यंत काळजीच्या स्वरात विचारले, ‘‘ही गाडी जातीया कुठं?’’

मला राग आला. अजूनही आहे. पण तो सगळाच काकांचा नव्हे. आयुष्यभर मराठी शिकवणाऱ्या माणसाला ‘‘तुमच्यात असूनही तुमचं मराठी किती शुद्ध हो!’’ असे कौतुक ऐकावे लागते, त्याचाही काही भाग त्यात होता. हे वाक्य मी याच शहरात, जिथे १८५२ पासून मिशनचे काम आहे आणि आमच्या चार पिढ्या त्याच मातीत आहेत, तिथे ऐकले आहे. सुरुवातीला मी उत्तर देत असे. थॉमस स्टीफन्स नावाच्या इंग्रज जेझुइट फादरांनी मराठी ओव्यांत ‘ख्रिस्तपुराण’ रचले आणि ते १६१६ मध्ये गोव्यात राचोल येथे छापले गेले, तेही रोमन अक्षरांत. ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक १८४२ मध्ये अहमदनगरला सुरू झाले. बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’ १८५७ चे, आणि मराठीतली पहिली कादंबरी म्हणून त्याचेच नाव घेतात. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून अख्खे बायबल मराठीत आणले. एवढे सगळे मी एका दमात सांगितल्यावर समोरचा सहकारी म्हणाला, ‘‘हो का? चहा सांगू?’’

संपादकांना तर आमची आठवण २० डिसेंबरला होते. मागच्या वर्षी एका पुरवणीतून फोन आला, नाताळवर सहाशे शब्द हवे होते, संध्याकाळपर्यंत. मी आमच्या घरच्या करंज्यांवर लिहिले. आई सारण भाजताना कोणते गीत म्हणायची, कढईतून पहिल्यांदा काय निघायचे, मुरड घालताना कोणाची करंजी फुटायची, असे सगळे त्यात होते. तासाभरात पुन्हा फोन आला. ‘‘सर, करंज्या नकोत, करंज्या दिवाळीत झाल्या. केक टाका ना.’’ मी म्हणालो, आमच्याकडे केक होत नाही, करंज्याच होतात. त्यावर पलीकडून आलेला उसासा मला अजून ऐकू येतो. मी पुरेसा ख्रिस्ती नाही, असा त्याचा अर्थ होता.

आणि घरच्यांचे काय सांगावे? टिळक म्हटले की आमच्यातल्या निम्म्यांना लोकमान्य आठवतात. फादर दिब्रिटो २०२० च्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, टाळ्या वाजल्या, अभिनंदनाचा ठराव झाला, आणि त्यांचे एकही पुस्तक कोणी विकत आणल्याचे माझ्या पाहण्यात आले नाही. आमच्या मंडळीची स्मरणिका निघाली, तेव्हा तिची मुद्रिते मी चार रात्री जागून तपासली. मांडववाल्याला आगाऊ रक्कम, फोटोवाल्याला पाकीट, स्वयंपाक्याला पाकीट आणि वर डबा. मला आभाराच्या पानावर ‘इतर सहकारी’. बायबलमधल्या यिर्मया संदेष्ट्याने सांगितलेली आणि त्याचा लेखनिक बारूख याने लिहून काढलेली गुंडाळी यहोयाकीम राजाने चाकूने कापून शेगडीत टाकली, ही कथा आम्ही लेखकाच्या छळाचे उदाहरण म्हणून ऐकतो. पण त्या राजाने जाळण्यापूर्वी दर वेळी तीन-चार पाने वाचून घेतली होती, हे कोणी लक्षात घेत नाही. एवढा वाचक मला आजवर लाभलेला नाही.

जेवणानंतर काका टेबलाशी आले. त्यांच्या पिशवीतला डबा आता भरलेला होता. त्यांनी पुस्तकाची किंमत विचारली. मी दोनशे रुपये म्हणालो, आणि तेव्हाच ते आधार कार्ड बाहेर आले.

‘‘पंच्याहत्तर पूर्ण. फुकट.’’

‘‘काका, ते एस.टी.त.’’

‘‘मग पुस्तक कशासाठी असतंय? माणसाला हितनं तिकडं न्यायलाच की.’’ पत्नी वाचणार असेल तर महिला म्हणून अर्धे तिकीट पडले असते, परंतु तिला दिसत नाही, वाचून आपणच दाखवणार, त्यामुळे प्रत फुकटच बसते, असा हिशेबही त्यांनी मांडला. मी गप्प बसलो. मला वाटते, ‘माणसाला इथून तिकडे न्यायला’ या शब्दांनी माझा घात केला.

पुढचे मात्र मी रोखायला हवे होते. व्यासपीठावर माईक सुरूच होता, आणि साउंडवाला पोरगा जेवायला गेला होता. काका तिथे गेले, माईकवर दोनदा टिचकी मारली, आणि तीस वर्षांचा तो आवाज सभागृहात उमटला.

‘‘लक्ष द्या! मास्तरांचे पुस्तक पाण्याच्या जारशेजारी लागलेले आहे. पंच्याहत्तर वर्षे पूर्ण असणाऱ्यांना मोफत, महिलांना व ज्येष्ठांना पन्नास टक्के सवलत. पुस्तक सुटण्याच्या तयारीत आहे!’’

माणसे उठली. पाऊण तासाच्या प्रोत्साहनाने जी खुर्चीतून हलली नव्हती, ती रांगेत उभी राहिली, आणि कोल्हापूरकरांना रांग लावायला लावणे हे काय काम आहे, हे मी तुम्हाला सांगायला नको. एका आजींनी खिडकीतून आपली पिशवी माझ्या टेबलावर टाकून नंबर धरला. सहा जण पंच्याहत्तरीच्या पुढचे निघाले. प्रत्येकाने न मागता कार्ड दाखवले. सात प्रती अर्ध्या तिकिटात गेल्या. पूर्ण तिकिटाचे उतारू एकच होते, पुण्याचे वक्ते, आणि त्यांनी प्रत ‘सप्रेम भेट’ म्हणून स्वाक्षरीसाठी पुढे केली.

चौदा प्रती आणि सातशे रुपये. छपाईला प्रतीमागे चौऱ्याऐंशी पडलेले, म्हणजे अकराशे शहात्तर. काका टेबलाशी परत आले, तेव्हा मी हा हिशेब त्यांच्यापुढे ठेवला. एस.टी.ला सवलतीचे पैसे सरकार भरून देते, माझे चारशे शहात्तर कोण देणार, असे मी जरा चढ्या आवाजातच विचारले.

त्यांनी पुस्तक पिशवीत डब्याच्या खाली नीट आडवे ठेवले. पांढऱ्या रश्श्याचा एक ओघळ तोवर मुखपृष्ठावरच्या ‘निनाद’पर्यंत पोचला होता.

‘‘त्ये वरनं येतंय, मास्तर,’’ ते म्हणाले. ‘‘येळ लागतोय. आमचा फरक बी अजून यायचाय.’’