‘% ९ लिहा आणि मोकळे व्हा’? जरा थांबा

प्रोग्रामिंगच्या पोस्टींमधून एक दावा सतत फिरत असतो. अंकांची बेरीज पुन्हा पुन्हा करून शेवटी एकच अंक उरवायचा असेल, तर लूप, म्हणजे तीच कृती पुन्हा पुन्हा करणारा कोड, लिहिणं अडाणीपणाचं. ‘संख्या % ९’ (म्हणजे ९ ने भागून उरणारी बाकी) लिहा, संख्या कितीही मोठी असो, उत्तर ओ(१) मध्ये, म्हणजे अंक वाढले तरी तेवढ्याच वेळात, हजर.

गणिताबद्दल वाद नाही. १०, १००, १००० यांना ९ ने भागलं की बाकी १ च, म्हणून संख्येची आणि तिच्या अंकांच्या बेरजेची बाकी सारखीच येते. गडबड पुढे आहे.

मुळात सूत्रच अर्धवट. १८ ला ते ० देतं, हवं असतं ९. मग कमेंटमध्ये कुणीतरी ‘१ + (संख्या - १) % ९’ अशी दुरुस्ती सुचवतं. तिच्यात शून्य घालून बघा. सी भाषेत साध्या इंटला (पूर्णांकाच्या प्रकाराला) उत्तर ०, म्हणजे नशिबाने बरोबर. पायथनमध्ये उणे १ ची बाकी ८ धरतात, म्हणून ९. आणि सी मध्येच ३२ बिटी अनसाइन्ड इंट (ज्यात उणे संख्या मावतच नाहीत) घेतला, तर शून्यातून एक वजा जाऊन ४२९४९६७२९५ होतात आणि उत्तर येतं चक्क ४! शून्यासाठी वेगळी अट लिहा, दुसरा इलाज नाही.

‘कितीही मोठी’ हे तर निव्वळ बोलायला. ६४ बिटांची धाव २० अंकांपर्यंत, तीही १८४४६७४४०७३७०९५५१६१५ ला संपते. जावास्क्रिप्टचा साधा नंबर त्याच्या कितीतरी आधी दगा देतो: ९००७१९९२५४७४०९९३ लिहा, तो शेवटच्या ३ चा गुपचूप २ करतो. खरं उत्तर ६, हातात पडतं ५. एरर नाही की वॉर्निंग नाही.

राहिलं ओ(१). लाख अंकी संख्या नुसती वाचायची तरी लाख अंकांवरून जावंच लागतं. पायथनला मोठ्या पूर्णांकांचं वावडं नाही, पण ३.११ मध्ये ४३०० हून जास्त अंकांची स्ट्रिंग (मजकूर म्हणून ठेवलेली संख्या) इंटमध्ये बदलायला गेलात की व्हॅल्यूएरर ही चूक दाखवली जाते. मर्यादा वाढवता येते म्हणा; पण स्ट्रिंगमधला एकेक अंक बेरजेत घेत गेलं तर एवढा खटाटोप हवाच कशाला? बरं, लूप लांबतो तरी किती? लाख अंकांची बेरीज फार तर ९०००००. तिथपर्यंतच्या संख्यांत सर्वात मोठी अंकबेरीज ८९९९९९ ची, ५३. पुढे फार तर १३, मग एक अंक. चार फेऱ्या, त्यातली पहिलीच काय ती दमवणारी.

आणि प्रश्न ‘किती फेऱ्या लागल्या?’ असा असेल तर सूत्र मुकंच. १९० आणि १९९ दोघांनाही ते १ म्हणतं. पहिलीला दोन फेऱ्या लागतात, दुसरीला तीन.