वेर्ण्यात विमानाचं इंजिन होईल, पण आधी रजिस्टर हवं

यंदा चवथीला डिचोलीत घरी होतो. गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या माटोळीखाली बसलो असताना गोव्यातल्याच वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत सुटे भाग घडवणाऱ्या भाच्याने विषय काढला. बंगळूरच्या एनएएल या सरकारी विमान-संशोधन संस्थेचं हंसा-एनजी हे छोटं प्रशिक्षण विमान स्वदेशी, मग त्याचं रोटॅक्स इंजिन ऑस्ट्रियातून का? "मामा, चार सिलिंडरचंच ना? आम्ही किमतीच्या दहाव्या हिश्शात करून देऊ." सगळ्यांना पटलं. मी कॅनडात फ्लाइंग क्लबच्या हँगरमध्ये अशीच इंजिनं उघडतो, मला ते पटेना.

त्याचा राग मात्र समजण्यासारखा आहे. लायकॉमिंग या अमेरिकी कंपनीचं ओ-360 हे छोट्या विमानांचं इंजिन घ्या. 1950च्या दशकातला आराखडा, जवळपास 5.9 लिटर, आणि ताकद 180 अश्वशक्ती. दोन लिटरची टर्बो मोटार आज एवढं सहज देते. पण मोटारीला कोणी तासन् तास पाऊण ताकदीवर राबवत नाही. हे इंजिन मिनिटाला 2700 फेऱ्यांवर विमानाचा पंखा थेट फिरवतं, मध्ये गिअरबॉक्स नाही. स्वतःच वीज तयार करून ठिणगी पाडणारे दोन मॅग्नेटो, दर सिलिंडरला दोन प्लग. बॅटरी मेली तरी ठिणगी पडते. जर्मनीतल्या थिलर्टने मर्सिडीजचं डिझेल इंजिन विमानात बसवलं, तर गिअरबॉक्स ठरावीक तासांनी उतरवून कारखान्यात धाडावा लागे. 2008मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली.

किंमत धातूची थोडीच असते? खप तुटपुंजा, प्रमाणपत्रं महाग, आणि डोक्यावर खटले. अमेरिकेच्या सेसना कंपनीने 1986मध्ये पिस्टन इंजिनाची छोटी विमानं बनवणं बंद केलं होतं. अमेरिकेत 1994च्या कायद्याने बनवणाऱ्याची जबाबदारी 18 वर्षांपुरती आणली, तेव्हा ती पुन्हा बनू लागली.

एवढे पैसे मोजून माल चोख मिळतो, असंही नाही. आम्ही बसवलेला नवाकोरा सिलिंडर तीनशे तासांत निकामी झाला. गळती तपासायला 80 पौंडांचा हवेचा दाब दिला, आत टिकला 48. एक्झॉस्टच्या नळीशी कान नेला तर फुसफुस स्पष्ट ऐकू आली, व्हॉल्व्ह गळत होता. पुरवठादाराने सिलिंडर बदलून दिला, मजुरी आमच्या माथी मारली. तो संताप अजून गेलेला नाही.

तरीही त्या सिलिंडरचा नंबर होता, बसवल्याची तारीख होती, हात लावणाऱ्याची सही होती. लायकॉमिंगच्या काही इंजिनांचे क्रँकशाफ्ट, म्हणजे पंखा फिरवणारे मुख्य दांडे, मोडू लागले तेव्हा 2002मध्ये धोक्याची इंजिनं नंबरांवरूनच हुडकून जमिनीवर ठेवता आली. वाईट तुकडा कुठल्या विमानात गेला हे सांगता येणं, ही माझ्या लेखी गुणवत्तेची पहिली अट आहे.

म्हणून मी भाच्याला विचारलं, गेल्या महिन्यात कातलेले व्हॉल्व्ह गाइड, म्हणजे व्हॉल्व्हची दांडी सरकते त्या नळ्या, कुठल्या हीट नंबरच्या, म्हणजे धातूच्या कुठल्या ओतीच्या, सळईतले? तो गप्प झाला. मग म्हणाला, "गिऱ्हाईक विचारत नाही, मामा."

हात त्याचा माझ्यापेक्षा सफाईदार आहे. अख्ख्या इंजिनाची भाषा राहू दे, व्हॉल्व्ह गाइडपासून सुरुवात कर, असं त्याला सांगून आलोय. नाताळात परत येईन तेव्हा त्याच्या शेडवर बसून, कुठला तुकडा कुठल्या सळईतला हे नोंदायचं पहिलं रजिस्टर मीच आखून देणार आहे.