मागच्यांना कामाला लावायचं असेल तर

आपण गेल्यावर मागच्यांना सोपं जावं म्हणून आपल्या वस्तूंची नीट यादी करून ठेवा असं सांगणारे लोक भेटतात ना, त्यांचं अजिबात ऐकू नका. यादी असली की पोरं दोन दिवसांत सगळं आवरतात आणि आपापल्या कामाला लागतात, मग तुमची आठवण कोण काढणार? वर्षानुवर्षं घरात तुमचं नाव (थोडं दात-ओठ खाऊन का होईना) निघत राहायला हवं असेल तर कागदावर एक अक्षर लिहू नका.

सुरुवात किल्ल्यांपासून करा. सगळ्या एकाच डब्यात, एकीलाही चिठ्ठी नाही. आमच्या काकांनी १४ ठेवल्या होत्या, त्यातल्या ३ लागल्या. उरलेल्या ११ टाकायची हिंमत कुणालाच होत नाही, न जाणो एखादी कुठल्या लॉकरची निघाली तर. त्यामुळे तो डबा आता माझ्याकडे आलाय आणि माझ्यामागे पोरीकडे जाणार. दागिने मोडतात, जमिनी विकल्या जातात, हा डबा मात्र पिढ्यान्पिढ्या टिकणार बघा.

फोटोंच्या मागे नावं नकोत. अगदीच हौस असेल तर बॉलपेन दाबून लिहा, म्हणजे पुढून चेहऱ्यावर वळ उठतात. मऊ पेन्सिलीने हलक्या हाताने लिहिलं तर फोटोला काही होत नाही म्हणे, पण मग गंमत काय राहिली? आणि लिहायचं तर "आम्ही सगळे" एवढंच लिहायचं.

बिलं आणि गॅरंटीचे कागद मात्र जरूर जपा, खासकरून ते गुळगुळीत थर्मल कागदावरचे. त्यावर शाई नसतेच, उष्णतेने कागद काळा पडून अक्षरं उमटतात आणि काही वर्षांत उडूनही जातात. फाईलवर ठळक अक्षरात "महत्त्वाचे" लिहायला विसरू नका. आतले पांढरेफटक कागद खिडकीशी धरून तिरके करून बघताना तुमचे वारस काय गोड दिसतील.

मृत्युपत्र केलंच तर कोणाला काय ते लिहा, का ते लिहू नका. शेक्सपिअरने १६१६ च्या मृत्युपत्रात बायकोला "दोन नंबरचा पलंग" ठेवला आणि कारण काही दिलं नाही. झालं, ४०० वर्षांनंतरही अभ्यासक भांडतायत, कोणी म्हणतं अपमान केला, कोणी म्हणतं चांगला पलंग पाहुण्यांसाठी असायचा म्हणून हा नवरा-बायकोचाच असणार. आहे का तुमच्या यादीत एवढा दम? आणि तुमची अंगठी दोघी-तिघींना वेगवेगळी कबूल करून ठेवा, तोंडी.

मोबाईलचं तर विचारूच नका. गुगलवर सोय आहे, ३ ते १८ महिने खातं वापरलं नाही तर तुम्ही नेमलेल्या माणसाला डेटा मिळतो, ॲपलवाल्यांनीही २०२१ मध्ये लेगसी कॉन्टॅक्ट (म्हणजे तुमच्यामागे डेटा मिळावा म्हणून नेमून ठेवलेला माणूस) आणलाय. सेटिंगमध्ये जाऊन पाच-दहा मिनिटांत होतं, म्हणूनच तिकडे फिरकू नका. फोनचा लॉक कुणालाच सांगू नका म्हणजे सगळे ओटीपी त्याच बंद फोनवर येत राहतील.

मी स्वतः एकदा, मूर्खपणाच म्हणा, यादी करायला बसलो होतो. वही नवी, रकाने स्केलने आखलेले. पहिली ओळ, किल्ल्यांचा डबा, नग १४. पुढचा रकाना "कशाच्या". ३ भरल्या, अकरांवर अजून अडलोय.