बॉयलर बसवून घेताना

थंड प्रदेशात गॅसवर पाणी तापवून ते खोल्याखोल्यांतल्या लोखंडी रेडिएटरांत फिरवणारा, म्हणजे घर गरम ठेवणारा बॉयलर उन्हाळ्यात बिघडत नाही. म्हणजे बिघडतो, पण कळत नाही. महिनोन्‌महिने न फिरलेला पंप जागच्या जागी धरतो, व्हॉल्व्ह चिकटतात, आणि पहिल्या कडाक्याच्या थंडीत अख्खं गाव एकाच संध्याकाळी बटण दाबतं. मग बॉयलरवाल्यांचे फोन लागेनासे होतात. आमच्या बॉयलरनेही नेमकी तीच संध्याकाळ निवडली. त्याआधी बरेच दिवस त्याचं प्रेशर उतरत होतं. यंत्रणा गार असताना काटा १ ते दीड बारच्या आसपास हवा. आमचा सकाळ झाली की शून्याकडे मान टाकायचा. 'दुरुस्त होईल का?' या प्रश्नावर मेकॅनिकने फोनवरच इतका लांब श्वास घेतला, की मी मुकाट्याने नव्या बॉयलरचं कोटेशन मागवलं.

पहिले गृहस्थ आले. बॉयलरचं झाकण काढून आत टॉर्च मारली, बराच वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "हे कुणी बसवलंय?"

हा प्रश्न मेकॅनिक मंडळींना शिकवलेलाच असावा. आधीच्या माणसाचं काम पाहून 'वा, छान केलंय' म्हणालेला कारागीर मी अजून पाहिलेला नाही. आम्ही राहायला येण्याआधीपासूनचं आहे, असं मी म्हणालो, पण आवाज आरोपीचा निघाला. त्यांनी बाथरूम किती आहेत ते विचारलं, खोल्यांकडे दारातूनच पाहिलं आणि निकाल दिला, "३५ किलोवॉटचा टाकू. मोठा असलेला बरा." दुसरे आले, ते पहिल्यांचं कोटेशन वाचून हसले. "३५? अहो, कारखाना गरम करायचाय का? २४ पुरे." २४ कशावरून, हे विचारल्यावर "अनुभव" असं उत्तर मिळालं.

तिसरा मात्र वेगळाच निघाला. बॉयलरकडे त्याने पाहिलंच नाही. खिशातून टेप काढली आणि खिडक्या मोजायला लागला. काच एकेरी की दुहेरी, भिंती भरीव की मधे पोकळी, छतावर आच्छादन किती जाडीचं, सगळं विचारून घेतलं. प्रत्येक रेडिएटरची लांबी, उंची आणि जाडी लिहून घेतली. पलंगामागचा रेडिएटर मोजायला तो आडवा झाला, तेव्हा तिथे आमच्या हरवलेल्या काही वस्तूही त्याला सापडल्या. त्या त्याने वहीत न लिहिता माझ्या हातात दिल्या. मग म्हणाला, "घर गरम ठेवायला तुम्हाला १० किलोवॉटसुद्धा लागणार नाहीत. मोठा आकडा लागतो तो आंघोळीच्या पाण्यासाठी, कारण ते वाहता वाहता तापवायचं असतं." गरजेपेक्षा फार मोठा बॉयलर बसवला की तो भसकन पेटतो, लगेच विझतो, पुन्हा पेटतो, त्यात गॅस वाया जातो आणि यंत्रही झिजतं. माझं मत त्याच क्षणी ठरलं. खिडकी मोजणाऱ्यालाच काम द्यावं. बाकीचे आपलं वजन नुसतं बघून सांगतात.

एक नाजूक बाब उरली होती, ती म्हणजे परवाना. गॅसचं काम करायला परवाना लागतो हे सगळ्यांना माहीत असतं, पण समोरच्या सभ्य माणसाला 'दाखवा बघू' म्हणायला जीभ रेटत नाही. मी "आपण या क्षेत्रात बरीच वर्षं असाल" वगैरे घोळ घालत होतो, तेवढ्यात बायकोने सरळ विचारलं, "परवाना आहे ना? बघू." त्याला राग तर आलाच नाही, उलट आनंद झाला. कार्ड काढून दाखवत म्हणाला, "कुणी विचारतच नाही हो." खरं तर विचारायलाच हवं. जोडणीत खोट राहिली तर घरात कार्बन मोनॉक्साइड साठू शकतो, आणि त्याला ना रंग ना वास. भिडेखातर गप्प बसावं असा हा वायू नव्हे.

कामाच्या दिवशी तो मदतनीसासह आला. जमिनीवर कापडं अंथरली गेली, आणि रेडिएटरमधलं पाणी काढायला सुरुवात झाली. पाणी कसलं, शाईच! रेडिएटरचं लोखंड आतून गंजतं, त्याचा हा काळा गाळ. त्याने बादलीत लोहचुंबक बुडवून बाहेर काढला, तर त्यावर गाळ भेदरलेल्या मांजराच्या केसांसारखा उभा राहिला होता. "हे नव्या बॉयलरात गेलं की संपलं," तो म्हणाला. म्हणून आधी सगळे पाइप धुवायचे, पाण्यात गंजरोधक टाकायचं आणि वाटेत चुंबकाचा फिल्टर बसवायचा. कोटेशनमधला हाच फिल्टर मी 'हा कशाला?' म्हणून खोडायला निघालो होतो. बादली पाहिल्यावर विषय निघाला नाही.

माझ्याकडे सुरुवातीला काहीच काम नव्हतं. घरमालकाने अशा वेळी कुठे उभं राहावं हे कुणी लिहून ठेवायला हवं. दूर उभं राहिलं तर बेफिकीर, जवळ उभं राहिलं तर संशयी. शेवटी माझ्या हातात टॉर्च आली. तरी दर दोन मिनिटांनी "इकडे हो, इकडे" ऐकू यायचं, कारण मी मला जे बघायचं होतं तिथे उजेड पाडत होतो.

खरा तंटा झाला तो एका बारक्या प्लॅस्टिकच्या पाइपवरून. आताचे कंडेन्सिंग बॉयलर धुरातल्या वाफेचं पाणी करून तिचीही उष्णता वापरतात, आणि ते किंचित आम्लधर्मी पाणी गटारात सोडावं लागतं. पाइप बाहेरून नेला तर थंडीत गोठतो, आणि गोठला की बॉयलर बंद. म्हणून त्याला तो घरातून, म्हणजे बायकोच्या कपाटातून न्यायचा होता. बायको म्हणाली, भोक पडेल ते माझ्यानंतर. दोघंही माझ्याकडे बघायला लागले. मी टॉर्च दुसरीकडे वळवली. शेवटी पाइप कपाटामागून गेला आणि कपाट चार बोटं पुढे आलं. आता त्याचं दार पूर्ण उघडत नाही, त्याबद्दल मला ऐकावं लागतं.

मग पाणी भरणं, हवा काढणं, गळतीची चाचणी. त्या चाचणीत सगळ्यांनी एका काट्याकडे बघत गप्प बसायचं असतं. काटा हलला नाही. बॉयलर पेटला, इतक्या कमी आवाजात की मी तीनदा विचारलं, चालू आहे ना?

इथवर सगळं ठीक होतं. जाताना त्याने रेडिएटरच्या पाण्याचं तापमान ५५ अंशांवर ठेवलं. रेडिएटरांतून फिरून बॉयलरकडे परतणारं पाणी साधारण ५५ अंशांच्या खाली असेल तरच धुरातल्या वाफेचं पाणी होतं, नाहीतर हा महागडा बॉयलर जुन्यासारखाच उष्णता धुराड्यातून सोडून देतो. तेव्हा रेडिएटर कोमटच लागतील, पण जास्त वेळ चालतील. मला पटलं. आईने रेडिएटरवर तळहात ठेवला आणि जाहीर केलं, "हा बंद आहे."

"आई, खोलीत २० अंश आहेत. तू स्वेटर काढून बसली आहेस."

"ते असू दे. हाताला चटका नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी बॉयलरच्या पडद्यावर आकडा ७५. मी विचारलं, कुणी केलं? आई पेपर वाचत होती, बायको कपाटाच्या अर्धवट दाराशी झटत होती. मी ५५ केलं. संध्याकाळी पुन्हा ७५. शेवटी त्याला फोन लावला, तर म्हणाला, सोपं आहे, आकड्याला पासवर्ड लावून कुलूप घालता येतं.

"ते समजलं हो, पण पासवर्ड लावलाय हे आईला कोण सांगणार?"

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग म्हणाला, "ते काम माझ्या परवान्यात येत नाही."